कोंबडी खुडूक बसलीय. मोडू की बसवू?

मखमली · २७ नोव्हेंबर, रात्री ९.१०
मंडळी, तातडीचा प्रश्न आहे. आम्ही नाशिकच्या मखमलाबादला राहतो. घरामागे थोडी मोकळी जागा आहे, तिथे तीन गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा पाळलाय. त्यातली तांबडी चार दिवसांपासून खुडूक बसलीय, म्हणजे अंडी उबवायच्या नादाने ठाण मांडून बसलीय. पाटीतून उठत नाही, हात लावला की पिसं फुगवते आणि चोच मारते. काल तर खालचं एकुलतं एक अंडं काढून घेतलं, तरी बाई रिकाम्या पाटीत तश्शीच बसून!

सासूबाई म्हणतात, खुडूक मोडून टाक, नाहीतर दोन-तीन महिने अंडं विसर. मला वाटतंय एकदा बसवून बघावी. घरात सहा वर्षांची मुलगी आहे, तिने अंड्यातून पिल्लू निघताना कधी पाहिलेलं नाही. खरं सांगायचं तर मीही नाही.

अनुभव सांगा. किती अंडी ठेवायची, कुठे ठेवायची, थंडीत जमतं का?

अर्धवट · २७ नोव्हेंबर, रात्री ९.१४
आमच्या ऑफिसात एक साहेब गेली अकरा वर्षं खुडूक बसलेत. हात लावला की तेही पिसं फुगवतात. त्यांच्यावर काही उपाय असेल तर तोही सांगा.

सिन्नरचा वारा · २७ नोव्हेंबर, रात्री ९.४०
ताई, भावनेच्या भरात जाऊ नका, हिशेब करा. उबवणीचे २१ दिवस, पुढे पिल्लं सांभाळायचे सहा ते आठ आठवडे. एवढा काळ ती अंडं घालणार नाही. आधीच गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. खुडूक मोडली तर पंधरा-वीस दिवसांत परत चालू होईल.

माझ्याकडे शंभर अंड्यांचं उबवणी यंत्र आहे. तापमान ३७.५ अंश, आर्द्रता पहिले अठरा दिवस ५५-६०, शेवटचे तीन दिवस ६५ च्या वर. अंडी आपोआप फिरतात. कोंबडीच्या मूडवर काही अवलंबून नाही.

चुलीवरची आक्का · २७ नोव्हेंबर, रात्री १०.०५
वारा दादा, तुमचं यंत्र पिल्लांना घार आली म्हणून सांगतं का?

मखमली, बसव गं. आम्ही गिरणाऱ्याच्या पुढे राहतो, माझ्या सासरी दर हिवाळ्यात चार-पाच कोंबड्या बसतात. मार्गशीर्ष-पौष हाच खरा काळ. पिल्लांना रोगराई कमी, आणि उन्हाळ्याच्या आत ती पिसांनी भरतात. आता नीट वाच.

चार दिवस एका जागी बसलीय म्हणजे ती पक्की आहे. तिच्याखाली रोज एकेक अंडं सरकवू नको. आज एक, उद्या एक केलंस तर पिल्लंही आज एक, उद्या एक निघतील. पहिली दोन निघाली की ती त्यांना घेऊन उठते आणि बाकीची गार पडून मरतात. अंडी आधी जमव आणि सगळी एकाच रात्री ठेव.

गावरानाला अकरा पुरे. तेरा चालतील, पण तुमची तांबडी केवढी आहे ते बघ. पंखाबाहेर अंडं दिसलं तर ते जास्त झालं म्हणून समज. आमच्यात विषमच ठेवतात. का ते मला विचारू नकोस, माझ्या सासूलाही माहीत नव्हतं.

गंगाघाट · २७ नोव्हेंबर, रात्री १०.२२
विषम संख्येचं कारण आमचे वडील सांगायचे. गोल मांडणीत मध्ये एक आणि भोवती बाकीची नीट बसतात. खरं-खोटं रामजाणे. पंचवटीत आमच्या वाड्यात पन्नास वर्षांपूर्वी कोंबड्या होत्या म्हटलं तर आज कोणी विश्वास ठेवत नाही. बुधवारच्या बाजारातून आई टोपलीत तलंग, म्हणजे कोवळी कोंबडी, घेऊन यायची आणि घरी येईपर्यंत तिचे पाय सोडायची नाही.

मखमली · २७ नोव्हेंबर, रात्री १०.३०
आक्का, खूप आभार! गेल्या पाच दिवसांची दोघींची अंडी घरात आहेत, सात. पण त्यातली चार फ्रिजमध्ये आहेत. चालतील?

पशुमित्र · २७ नोव्हेंबर, रात्री १०.४८
फ्रिजमधली नको, ती ऑम्लेटला. उबवायची अंडी बाहेर गार, सावलीच्या जागी ठेवतात, निमुळतं टोक खाली करून. आठवडाभरापर्यंतची उत्तम, त्यापुढे निघण्याचं प्रमाण घसरतं. धुवू नका. कवचावर नैसर्गिक थर असतो, तो गेला की जंतू आत शिरतात. फार माखलेलं अंडं सरळ बाजूला काढा.

कोंबडा एकच असला तरी तीन कोंबड्यांना पुरून उरतो. आठ-दहा कोंबड्यांना एक, असं साधारण धरतात.

आणि खुडूक बसणं हा आळस किंवा आजार नाही. शरीरात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं, अंडाशयाचं काम थांबतं, पोटाखालची पिसं गळतात आणि उघडी कातडी अंड्याला लागते. लेगहॉर्नसारख्या अंड्यांच्या जातींत निवडीने हा गुण जवळपास काढूनच टाकलाय. म्हणून त्यांची पिल्लं यंत्रात निघतात.

केतकी · २७ नोव्हेंबर, रात्री ११.०१
मी शाकाहारी, इंदिरानगरला चौथ्या मजल्यावर राहते, कोंबडीशी सात जन्मांत संबंध नाही. तरी हा धागा सोडवत नाहीये. खुडूक मोडतात म्हणजे नेमकं काय करतात?

द्राक्षबाग · २८ नोव्हेंबर, सकाळी ६.५०
केतकीताई, आमच्या निफाडकडे जुनी माणसं तिला पाण्यात बुडवायची, नाहीतर नाकपुडीत तिचंच पीस अडकवून द्यायची. पीस काढायच्या नादात ती बसायचं विसरते म्हणे. मी लहानपणी हे पाहिलंय, आता करवत नाही. खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवलं, दाणापाणी दिलं, की आपोआप मोडते. पोट गार पडलं पाहिजे, एवढंच.

मखमली ताई, थंडीची काळजी नको. आमच्याकडे पारा पाच-सहावर येतो, द्राक्षांना वाचवायला रात्री शेकोट्या पेटवतो, आणि तशा रात्री आमची कोंबडी कांदाचाळीखाली नऊ अंड्यांवर बसली होती. आम्हाला पत्ताच नव्हता. आई म्हणाली, बिबट्यानं नेली असेल, उसात आलाय म्हणतात. एकवीस दिवसांनी बाईसाहेब चाळीखालून आठ पिल्लं घेऊन अंगणात. कोणी खायला दिलं नाही, कोणी पाटी दिली नाही.

सिन्नरचा वारा · २८ नोव्हेंबर, सकाळी ८.१५
चाळीखालून आलेलीच तेवढी लोकांना आठवतात. जी मुंगसाने खाल्ली त्यांचे धागे निघत नाहीत.

चुलीवरची आक्का · २८ नोव्हेंबर, दुपारी १.३०
हे मात्र बरोबर बोललात.

मखमली, म्हणून जागा वेगळी कर. बाकीच्या दोघींच्या नजरेआड, अंधाऱ्या कोपऱ्यात. पाटीत खाली राख, वर वाळलेलं गवत, मध्ये बशीसारखा खळगा. राखेने पिसवा लागत नाहीत. बसलेल्या कोंबडीला पिसवा झाल्या तर ती अंडी सोडून पळते. रात्री अंधार पडल्यावर तिला उचलून नव्या पाटीत ठेव, अंडी हळूच खाली सरकव आणि वरून डालगं (कोंबड्या झाकायचं टोपलं) झाक. दिवसा हलवलीस तर परत जुन्या जागी जाऊन बसेल.

अंड्यांवर पेन्सिलीने फुली मार. हे विसरू नकोस! दुसरी कोंबडी येऊन तिच्यातच अंडं घालते आणि मग कुठलं जुनं, कुठलं नवं ते देवाला कळेना.

मखमली · २८ नोव्हेंबर, रात्री ८.५५
झालं! घरातली बाहेर ठेवलेली तीन, आजची दोन आणि शेजारच्या वस्तीवरून ताजी सहा आणली. अकरा. लेकीने प्रत्येकावर फुली मारली, एकावर फूल काढलंय. तांबडीने आधी गुरगुर केली, मग चोचीने एकेक अंडं स्वतःच पोटाखाली ओढून घेतलं. टॉर्चच्या उजेडात बघत होतो. नवराही बघत होता, मोबाईल खाली ठेवून.

कॅलेंडरवर १९ डिसेंबरला गोल केलाय. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "बघा बाई."

अर्धवट · २८ नोव्हेंबर, रात्री ९.०३
अकरा पिल्लं, त्यातले पाच-सहा नर. आखाडात यायचं आमंत्रण मी आत्ताच स्वीकारतो.

गंगाघाट · २८ नोव्हेंबर, रात्री ९.०९
बाजारात तुरी...

मखमली · १ डिसेंबर, सकाळी १०.२०
ती खातच नाही! समोर बाजरी ठेवलीय, पाणी ठेवलंय, ढुंकून बघत नाही. आजारी पडेल का?

द्राक्षबाग · १ डिसेंबर, सकाळी १०.४१
दिवसातून एकदा उठते, बहुतेक तुमच्या नकळत. रोज ठरावीक वेळी तुम्हीच डालगं उचलून तिला खाली उतरवा. पंधरा-वीस मिनिटांत खाईल, पाणी पिईल, मातीत लोळेल आणि बदकाएवढी शी करेल. वासाने घाबरू नका. मग स्वतःच परत जाईल. तेवढ्या वेळात अंडी गार होत नाहीत. वजन थोडं उतरतंच.

केतकी · १ डिसेंबर, सकाळी १०.५०
बदकाएवढी. जेवत होते मी.

मखमली · ५ डिसेंबर, रात्री ९.३०
आज सातवा दिवस. मोबाईलचा टॉर्च मुठीत धरून अंडी बघितली. आठ अंड्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मध्ये एक काळा ठिपका, आणि तो हलतो!!! मुलीने किंकाळी फोडली. दोन अंडी एकदम स्वच्छ, काहीच नाही. एकात काय ते कळत नाही. फुलाचं चित्र असलेलं चांगलं आहे, देव पावला.

पशुमित्र · ५ डिसेंबर, रात्री ९.४४
स्वच्छ दोन काढा, ती फळलेली नाहीत. शंका असलेलं राहू द्या आणि चौदाव्या दिवशी परत बघा. त्यानंतर मात्र हात आवरा. अठराव्या दिवसापासून पिल्लू जागा घेतं, तेव्हा अंडी अजिबात हलवायची नाहीत. एरवी फिरवायचं काम ती दिवसातून कितीतरी वेळा स्वतः करते. कडेची आत, आतली कडेला.

येवलेकर · ६ डिसेंबर, दुपारी २.१२
थोडं अवांतर. तांबडीखाली बदकाची अंडी ठेवली तर? आमच्याकडे मामाने एकदा ठेवली होती. पिल्लं निघून पाण्यात गेली आणि कोंबडी काठावर वेड्यासारखी धावत होती. मी सात वर्षांचा होतो, तो आवाज अजून कानात आहे.

पशुमित्र · ६ डिसेंबर, दुपारी ३.००
बदकाला २८ दिवस लागतात, कोंबडी तेवढी बसते. बटेराला १७-१८. पण कोंबडीच्या आणि बदकाच्या अंड्यांची भेसळ नको, तारखा जुळत नाहीत.

येवलेकर · ६ डिसेंबर, दुपारी ३.०६
आणि मोराची? ममदापूरकडे शेतात सापडतात कधीकधी.

पशुमित्र · ६ डिसेंबर, दुपारी ३.०८
हात लावू नका. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. अंडंही उचलायचं नाही.

अर्धवट · ६ डिसेंबर, दुपारी ३.१५
येवल्यात मोर पैठणीच्या पदरावर असतात तेवढे बस झाले.

मखमली · १६ डिसेंबर, रात्री ८.००
चौदाव्या दिवशी बघितलं तेव्हा शंकेचं अंडंही धरलं होतं, म्हणजे नऊ आहेत. आता शेजारच्या आजी म्हणतात, कोमट पाण्यात अंडी सोड. आत जीव असेल तर अंडं डुचमळतं, मेलेलं गप्प राहतं. करू का?

सिन्नरचा वारा · १६ डिसेंबर, रात्री ८.१०
नको.

पशुमित्र · १६ डिसेंबर, रात्री ८.११
नको. कवचाला बारीक तडा गेला असेल तर पिल्लू आतच बुडेल.

चुलीवरची आक्का · १६ डिसेंबर, रात्री ८.४०
आम्ही करायचो, खोटं कशाला बोलू. डुचमळताना बघायला मजा यायची. पण या दोघांचं एकदा एकमत झालंय, तर ऐक.

मखमली · १९ डिसेंबर, पहाटे ५.३५
काल रात्री अकरापासून डालग्याखालून चिवचिव येतेय. ती त्यांच्याशी बोलतेय! अंडी फुटायच्या आधीच! हळू, घशातल्या घशात, कुर्र कुर्र. आणि आतून उत्तर येतंय. मी ओसरीत सतरंजी टाकून बसलेय, थंडीने दात वाजतायत.

मखमली · १९ डिसेंबर, दुपारी १२.२०
सात बाहेर आली. दोन काळी, तीन पिवळसर, दोन पाठीवर पट्टेवाली, रानातल्या तितरासारखी. एक अंडं तसंच आहे. एकाला सकाळी सातला भोक पडलं, चोच दिसते, पण पुढे काही नाही. सोलून मदत करू?

सिन्नरचा वारा · १९ डिसेंबर, दुपारी १२.३१
थांबा. चोच मारल्यापासून बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागू शकतात. आतल्या पडद्यात रक्त असतं, पिवळा बलक पोटात ओढला जायचा असतो. घाई केली की रक्त येतं. मी यंत्रात अशी चार मारलीत.

चुलीवरची आक्का · १९ डिसेंबर, दुपारी १२.५०
संध्याकाळपर्यंत बघ. पडदा वाळून चिकटला असेल तर कोमट पाण्याचं बोट लाव, इतकंच.

बाकीच्यांना आज दाणा नाही दिलास तरी चालेल, पोटातल्या बलकावर दोन दिवस निघतात. तिला उठवू नकोस.

मखमली · २० डिसेंबर, सकाळी ७.१५
ते आठवं गेलं. रात्री चिवचिव बंद झाली. फुलाचं चित्र त्याच्यावरच होतं. मुलीला मी सांगितलं नाही. सासूबाईंनी सांगितलं, सरळ. मग दोघींनी लिंबाखाली पुरलं. नववं फोडलं, आत अर्धवट वाढलेलं होतं.

अर्धवट · २० डिसेंबर, सकाळी ७.४०
अरेरे. विनोद मागे घेतो. (नावाचाही.)

द्राक्षबाग · २० डिसेंबर, सकाळी ८.००
अकरातून सात म्हणजे चांगलंच म्हणायचं ताई.

आता पाणी. उथळ बशी घ्या आणि तिच्यात गोटे टाका, नाहीतर पिल्लं बुडतात. पहिले काही दिवस तांदळाची कणी, बाजरीचा बारीक भरडा. वाळवी मिळाली तर सोन्याहून पिवळं, वारुळाचा तुकडा समोर आपटा आणि मजा बघा. आणि जवळपास बाग असेल तर फवारणीच्या दिवशी पिल्लं कोंडून ठेवा. औषधाने मेलेल्या मुंग्या खाऊन माझी पाच गेली. चूक माझीच, मीच फवारत होतो.

पशुमित्र · २० डिसेंबर, सकाळी ९.३०
मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस विसरू नका. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, डोळ्यात एक थेंब. अडचण एकच, लसीची कुपी शंभर पिल्लांची किंवा त्याहून मोठी येते, विरघळवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते आणि तोवर बर्फात ठेवावी लागते. त्यामुळे वस्तीवरच्या दोन-चार घरांची पिल्लं एका सकाळी जमवा. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. गावात मानमोडी आली तर नुसती आईची ऊब कामाची नाही.

मखमली · २५ डिसेंबर, दुपारी ४.४५
आज झाली. पाच घरं, एकसष्ट पिल्लं, आमच्या ओसरीवर. थर्मासमध्ये बर्फ. सासूबाई पिल्लू धरत होत्या, मी थेंब टाकत होते. तांबडीने डॉक्टरांच्या पायाला दोन चोची मारल्या.

गंगाघाट · १५ जानेवारी, सकाळी ९.००
संक्रांत कशी झाली तांबडीची?

मखमली · १५ जानेवारी, सकाळी ११.३०
काय सांगू काका. काल सगळे गच्चीवर होते, आभाळात शंभर पतंग. त्यात एक घार कोणाला वेगळी दिसते? तांबडीने मात्र पाहिली. तिचा एक कर्कश आवाज आला आणि सहा पिल्लं एका क्षणात तिच्या पंखाखाली गेली. सातवं नळाजवळ होतं.

दुपारभर ती त्या नळापाशी जाऊन बोलावत होती.

केतकी · १५ जानेवारी, दुपारी १२.०२
कालपर्यंत मला घार म्हणजे नायलॉन मांजात अडकणारा बिचारा पक्षी एवढंच माहीत होतं. आता कोणाची बाजू घ्यावी कळेना.

चुलीवरची आक्का · १५ जानेवारी, दुपारी १.१५
तिचीही पिल्लं असतात कुठल्यातरी झाडावर. अंगणावर जुनी मासे धरायची जाळी बांध.

मखमली · १७ फेब्रुवारी, रात्री ९.२०
दोन महिने होत आले. तांबडीने परवापासून पिल्लांना हाकलायला सुरुवात केलीय. कालपर्यंत दाणा उचलून त्यांच्यापुढे टाकत होती, आज त्यांच्याच डोक्यात चोच. मुलगी रडली. रात्री तांबडी एकटीच आंब्यावर चढून बसली, पिल्लं खाली ओरडत होती.

द्राक्षबाग · १७ फेब्रुवारी, रात्री ९.३३
आठवड्यात अंडं घालेल बघा.

सिन्नरचा वारा · १७ फेब्रुवारी, रात्री १०.००
मूळ प्रश्नाकडे येऊ. तांबडी २४ नोव्हेंबरपासून बंद, म्हणजे जवळपास तीन महिने. मोडली असती तर त्यात पंधरा-वीस अंडी मिळाली असती. पंधरा रुपयांनी धरा तीनशे. उलट बाजूला सहा पिल्लं, ना वीज, ना बल्ब, ना रात्री उठून तापमान बघणं. माझ्या यंत्रातली पिल्लं पहिले तीन आठवडे बल्बखाली असतात आणि वीज गेली की मी गोधडी घेऊन धावतो. पन्नास-शंभर काढायची असतील तर यंत्रच. दहाबारासाठी... असो. लिहिलं मी.

चुलीवरची आक्का · १७ फेब्रुवारी, रात्री १०.०८
स्क्रीनशॉट काढलाय.

मखमली · ९ एप्रिल, सकाळी ८.४०
धागा वर काढतेय. सहातले चार नर, दोन तलंगा. तांबडी मार्चभर अंडी देत होती आणि गेल्या आठवड्यात परत खुडूक. या वेळी मी ठरवलं होतं, एवढ्या उन्हाचं नको, मोडूया. काल संध्याकाळी जाळीचा पिंजरा धुऊन वाळत घातला.

आज तिला उचलायला गेले तर खाली तेरा अंडी. सगळ्यांवर पेन्सिलीने फुल्या, एकावर फूल. मुलगी म्हणते मी नाही. सासूबाई देवपूजेला बसल्यात, दीड तास झाला, उठत नाहीत.

चुलीवरची आक्का · ९ एप्रिल, सकाळी ८.५२
चैत्रात तेरा जास्त होतात, पण आता अंडी काढू नको. पाटी पत्र्याखालून काढून मातीच्या भिंतीशी, सावलीत घे. पाटीखाली ओली वाळू पसर आणि रोज सकाळी शिंपड. पाणी दिवसातून दोनदा बदल. सातव्या दिवशी टॉर्चने बघ, या दिवसांत वांझ अंडी जास्त निघतात. आणि ती अंडी किती दिवसांची होती ते सासूबाईंना विचार, चारच्या वर असतील तर कठीण आहे.

मखमली · ९ एप्रिल, सकाळी ९.३०
विचारलं. आरती थांबवून म्हणाल्या, "तीन. शेजारून पण आणलीत."

अर्धवट · ९ एप्रिल, सकाळी ९.३१
चार नर म्हणालात ना?